‘कृपया फोन उभा धरा’ ही पाटी काढा : वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वेबसाइट आणि मोबाइल ॲप बनवणाऱ्या संघांतील डिझायनर, डेव्हलपर, टेस्टर,
आणि ‘आपले ॲप फक्त उभे चालेल’ असा निर्णय घेणारे प्रॉडक्ट मॅनेजर

विषय : स्क्रीनची दिशा लॉक न करण्याबाबत, आणि लॉक काढल्यावर जे मोडते ते दुरुस्त करण्याबाबत

स.न.वि.वि.

व्हीलचेअरच्या दांड्याला क्लॅम्प लावून बसवलेला टॅबलेट बऱ्याचदा आडवा असतो. ज्या कोनात बसवला त्याच कोनात तो दिवसभर राहतो, कारण वापरणाऱ्याला तो हाताने फिरवता येत नाही. तो चालतो तोंडात धरलेल्या काडीने, डोक्याच्या हालचालीने किंवा एखाद्या स्विचने. अशा टॅबलेटवर ‘फक्त उभे’ असे ठरवलेले ॲप उघडले की एकतर सगळी अक्षरे कुशीवर झोपतात, नाहीतर मधोमध एक चिंचोळी पट्टी उरते आणि दोन्ही बाजूंना काळोख. अक्षरे झोपली तर मान वाकडी करून वाचायचे. मान वाकत नसेल तर कोणाला तरी हाक मारायची, आणि ही हाक मारायची वेळ नेमकी पासवर्ड टाकताना येते.

हे पत्र त्या ‘फक्त उभे’बद्दल आहे. कोडमध्ये ती बहुधा एका ओळीची गोष्ट असते. ओळ खोडायला मिनिटसुद्धा लागत नाही. काम सुरू होते ते त्यानंतर. पुढे किती काम निघेल याचा अंदाज असल्यामुळेच पुष्कळ संघ त्या ओळीला हात लावत नाहीत. म्हणून लॉक काढा एवढे म्हणून थांबत नाही. काय मोडेल, का मोडेल आणि कसे जोडायचे, तेही लिहितो आहोत.

फोन फिरवता न येणे ही अडचण व्हीलचेअरपुरती नाही. ज्यांचे हात थरथरतात ते फोन स्टँडमध्ये ठेवून वापरतात. टॅबलेटला कीबोर्डचे कव्हर जोडले की तो आडवाच उभा राहतो. ज्यांना कमी दिसते ते अक्षरे मोठी करतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या उभ्या फोनवर दुप्पट अक्षरांत एका ओळीला जेमतेम दोन-तीन शब्द मावतात, फोन आडवा केला की ओळ वाचण्याजोगी लांब होते. स्क्रीनवरच्या ब्रेल कीबोर्डने टाइप करणारे अंध लोक फोन दोन्ही हातांत आडवा धरतात, स्क्रीन स्वतःपासून दूर वळवून. कुशीवर पडून वाचणाऱ्याची गरज याच्या उलट: फोन कलंडला तरी मजकूर फिरू नये, म्हणून त्याने सेटिंगमध्ये ऑटो-रोटेट बंद करून ठेवलेले असते. ही उलट बाजू लक्षात ठेवा. दुरुस्ती करताना तिचाच विसर पडतो.

नियम काय सांगतो ते थोडक्यात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सच्या (वेब अपंगांनाही वापरता यावे यासाठीच्या नियमांच्या) २.१ आवृत्तीत, ५ जून २०१८ रोजी, ‘ओरिएंटेशन’ हा १.३.४ क्रमांकाचा निकष आला. पातळी डबल ए, म्हणजे ए, डबल ए आणि ट्रिपल ए यांतली मधली. ऑक्टोबर २०२३च्या २.२ आवृत्तीत तो तसाच राहिला. मजकूर पाहणे आणि वापरणे उभ्या किंवा आडव्या अशा एकाच दिशेला बांधू नका, ती दिशा अत्यावश्यक असेल तेवढीच सूट, असा त्याचा आशय. सोबतच्या तंत्रांच्या यादीत दोन चुकांना स्वतंत्र क्रमांक आहेत. दिशा लॉक करणे ही एफ९७, आणि ‘फोन फिरवा’ असा संदेश दाखवून अडवणे ही एफ१००.

दुसरी चूक पुष्कळांना चूक वाटत नाही. ‘आम्ही लॉक कुठे केले, विनंती तर करतोय’ असा युक्तिवाद होतो. पण विनंतीची पाटी पूर्ण स्क्रीन झाकत असेल आणि तिच्यावर ‘असेच पुढे चला’ असे बटण नसेल, तर ते लॉकच. बरे, ही पाटी पुष्कळदा नुसते चित्र असते, पर्यायी मजकुराशिवाय. स्क्रीन रीडर (स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ती कळतच नाही. तिच्या मागचे पान त्याला वाचून दाखवले जाते. शेजारी मदतीला बसलेल्या डोळस माणसाला मात्र फिरणाऱ्या फोनचे चित्र सोडून काही दिसत नाही.

‘अत्यावश्यक’ हा शब्द मुद्दाम कडक ठेवलेला आहे. दिशेचे बंधन काढले तर माहिती किंवा काम मुळातूनच बदलत असेल, आणि तेच काम नियमात बसणाऱ्या दुसऱ्या मार्गाने होत नसेल, तरच सूट. निकषासोबत दिलेली उदाहरणे आहेत बँकेचा चेक, पियानोचे ॲप, प्रोजेक्टर किंवा टीव्हीसाठीच्या स्लाइड आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. ‘आडव्याचे डिझाइन तयार नाही’ हे कारण त्यात नाही. चेकचा फोटो काढायची स्क्रीन आडवी ठेवता येईल, पण तेवढ्यावरून बँकेचे अख्खे ॲप एका दिशेला बांधता येत नाही. पियानोच्या ॲपलासुद्धा सेटिंगचे आणि मदतीचे पान असतेच, आणि त्या पानांवर पट्ट्या वाजवायच्या नसतात.

बैठकीत हटकून येणारे आणखी एक उत्तर म्हणजे ‘आमच्या ॲनालिटिक्समध्ये आडवे वापरणारे जवळजवळ कोणी नाही.’ ॲप लॉक असताना आकडा दुसरा काय येणार? बंद दारातून किती माणसे आत आली, याची ती मोजदाद आहे.

आता लॉक कुठेकुठे लपलेले असते ते पाहू. एकच जागा शोधून थांबलात तर दुसरी राहते.

वेबवर पहिली जागा म्हणजे वेब ॲप मॅनिफेस्ट, म्हणजे साइट फोनवर इन्स्टॉल झाल्यावर कशी वागेल हे सांगणारी फाइल. त्यातल्या ‘ओरिएंटेशन’ या नोंदीत ‘पोर्ट्रेट’ लिहिलेले असेल तर साइट होम स्क्रीनवर इन्स्टॉल केल्यावर लॉक होते, ब्राउझरच्या टॅबमध्ये होत नाही. टेस्टर टॅबमध्ये तपासतो, सगळे ठीक दिसते, आणि इन्स्टॉल करून वापरणारा अडकतो. ही नोंद काढून टाका किंवा तिथे ‘एनी’ लिहा. दुसरी जागा सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी भाषा: आडव्या दिशेची मीडिया क्वेरी (‘स्क्रीन अशी असेल तर’ ही अट) लावून संपूर्ण बॉडी ९० अंशांत फिरवण्याची जुनी युक्ती. तिसरी जागा जावास्क्रिप्टचा स्क्रीन ओरिएंटेशन लॉक. तो बहुतेक ब्राउझरांत फुलस्क्रीनमध्येच चालतो, म्हणून व्हिडिओ प्लेअर आणि गेममध्ये सापडतो. व्हिडिओ फुलस्क्रीन केल्यावर आडवा लॉक लावणे ही जणू रीतच झाली आहे. उभ्या बसवलेल्या फोनवर त्यामुळे व्हिडिओ कुशीवर जातो, आणि त्यातून बाहेर पडायचे बटणही कुशीवरच असते.

अँड्रॉइडमध्ये मॅनिफेस्ट फाइलीत प्रत्येक ॲक्टिव्हिटीपुढे (ॲपच्या एकेका स्क्रीनपुढे) स्क्रीन-ओरिएंटेशन हे अ‍ॅट्रिब्यूट असू शकते, आणि कोडमधूनही तीच गोष्ट मागता येते. दोन्ही शोधा. तुम्ही लिहिलेल्या मॅनिफेस्टवर विसंबू नका, अँड्रॉइड स्टुडिओतला ‘मर्ज्ड मॅनिफेस्ट’ (लायब्ररींसकट एकत्र झालेली फाइल) उघडून बघा. पेमेंट, ओळख-पडताळणी, क्यूआर स्कॅनर यांच्या बाहेरून आणलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) स्वतःच्या ॲक्टिव्हिटी आणि स्वतःचे लॉक घेऊन येतात. काही क्यूआर लायब्ररींची कॅमेरा स्क्रीन तर मुळातच आडवी लॉक केलेली असते. उभ्या ॲपमधून ‘स्कॅन करा’ दाबले की सगळे गर्रकन आडवे. अशा ॲक्टिव्हिटीची नोंद आपल्या मॅनिफेस्टमध्ये पुन्हा लिहून, मर्ज करताना आपली किंमत वरचढ ठरेल असे सांगता येते.

आयफोन-आयपॅडवर इन्फो-पीलिस्ट या ॲपच्या सेटिंग-फाइलीतली समर्थित दिशांची यादी पाहा. आयपॅडची यादी वेगळी असते, आणि आयफोनची दुरुस्त करून आयपॅडची विसरणे नेहमीचे. मग प्रत्येक व्ह्यू कंट्रोलरमध्ये (एकेक स्क्रीन चालवणाऱ्या कोडमध्ये) समर्थित दिशा बदलल्या आहेत का ते पाहा, कारण आयफोनवर वरचा कंट्रोलर ‘फक्त पोर्ट्रेट’ म्हणाला तर पीलिस्ट काहीही म्हणो, स्क्रीन फिरत नाही.

एका कोडमधून दोन्हीकडचे ॲप बनवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. एक्स्पो या अशा साधनाच्या तयार साच्यात दिशेची किंमत ‘पोर्ट्रेट’ अशी भरलेलीच येते. फ्लटर या दुसऱ्या साधनात मेन फंक्शनच्या सुरुवातीला पसंतीच्या दिशा ठरवणारी ओळ एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात कॉपी होत राहते. थोडक्यात, कित्येक ॲप कोणी ठरवल्यामुळे लॉक झालेले नाहीत. कोणी पाहिले नाही म्हणून झाले आहेत. त्यातल्या त्यात ही आशेची गोष्ट, कारण अशा लॉकची बाजू घेणारा संघात कोणी नसतो.

ओळ सापडली, आता तिच्या जागी काय लिहायचे? इथे मघाची ती उलट बाजू. अँड्रॉइडवर ‘पोर्ट्रेट’ खोडून उत्साहाने ‘सेन्सर’ किंवा ‘फुल-सेन्सर’ लिहिले जाते. ॲप फिरू लागते, टेस्टर खूश. पण या दोन्ही किमती वापरणाऱ्याने लावलेले रोटेशन लॉक मोडतात. कुशीवर पडून वाचणाऱ्याचा मजकूर आता तुमच्या ॲपमध्ये सतत उलटापालटा होणार. योग्य मार्ग म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट काढून टाकणे, किंवा चारही दिशा हव्या असतील तर ‘फुल-यूजर’ लिहिणे. त्यात वापरणाऱ्याचे सेटिंग पाळले जाते. सिस्टीमचे रोटेशन लॉक हे वापरणाऱ्याचे हत्यार आहे, निकषाचा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो ॲपने त्याच्या वतीने निर्णय घेण्याला.

‘सध्या लॉक ठेवू, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अँड्रॉइड १६ पासून, एपीआय ३६ (याच आवृत्तीचा क्रमांक) हे लक्ष्य ठेवलेल्या ॲपच्या दिशेच्या अटी ६०० डीपी (स्क्रीनच्या पिक्सेल-दाटीवर अवलंबून नसलेले अँड्रॉइडचे माप) किंवा अधिक किमान रुंदीच्या स्क्रीनवर सिस्टीम जुमानत नाही. गेम वगळलेले आहेत आणि तात्पुरती माघार घेण्याची सोय आहे, पण ती तात्पुरतीच. म्हणजे टॅबलेटवर आणि उघडलेल्या फोल्डेबल (घडीच्या) फोनवर तुमचे ॲप फिरणारच आहे. प्रश्न फक्त ते फिरल्यावर कसे दिसेल याचा.

वाईट दिसेल. कारण साध्या बेरीज-वजाबाकीत आहे. ३६० बाय ८०० डीपीचा फोन आडवा केला की उंची उरते ३६०. त्यातून स्टेटस बारचे २४, वरच्या ॲप बारचे ६४ आणि खालच्या नेव्हिगेशन बारचे ८० वजा करा: मजकुराला १९२ डीपी. बोटाने नीट दाबता येईल अशी ओळ ४८ डीपीची धरली तर बरोबर चार ओळी. त्यात कुकीची पट्टी किंवा ‘ॲप अपडेट करा’चा बॅनर आला की दोन. आणि कीबोर्ड उघडला की शून्य.

म्हणून आडव्या स्क्रीनवर चिकटून राहणारी प्रत्येक गोष्ट संशयित समजा. वेबवर हेडरला स्टिकी करण्याचा नियम किमान उंचीच्या मीडिया क्वेरीत टाका: उंची ४८० पिक्सेल किंवा जास्त असेल तरच चिकटेल, नाहीतर पानासोबत वर सरकेल. ४८० हा आकडा मनाचा नाही. अँड्रॉइडच्या विंडो-आकारांच्या वर्गवारीत ४८० डीपीपेक्षा कमी उंचीला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात आणि आडवे फोन बहुतेक त्यातच पडतात. इन्स्टॉल केलेल्या नेटिव्ह ॲपमध्ये खालचा नेव्हिगेशन बार कमी उंचीत डाव्या कडेला उभा करा, म्हणजे ८० डीपी रुंदीतून जातील, आणि रुंदी आडव्या फोनकडे मुबलक असते. वरचा बार स्क्रोलबरोबर आत जाऊ द्या. डायलॉगची उंची ठरावीक ठेवू नका. त्याच्या आतला मजकूर स्क्रोल झालाच पाहिजे आणि ‘रद्द’ आणि ‘पुढे’ ही बटणे हाती लागलीच पाहिजेत. आडव्या स्क्रीनवर सर्वात जास्त अडवणूक कशाची होत असेल तर ती अटी-शर्तींच्या अशा डायलॉगची, ज्याचे ‘मान्य’ बटण खाली स्क्रीनबाहेर आहे आणि जो स्क्रोल होत नाही. देवनागरीत हे लवकर घडते. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांमुळे ओळीला उंची जास्त लागते, आणि इंग्रजीवर बेतलेल्या ठरावीक उंचीच्या बटणात ‘मंजूर’चा ऊकार कापला जातो.

वेबवर ‘१०० व्हीएच’ (विंडोची पूर्ण उंची) हे माप टाळा. फोनच्या ब्राउझरात ते ॲड्रेस बार आत गेल्यावरची उंची धरते, म्हणून आडव्या फोनवर तळाचे बटण बारच्या मागे जाते. २०२२पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत ‘एसव्हीएच’ (बार दिसत असतानाची लहान उंची) आणि ‘डीव्हीएच’ (बारनुसार बदलणारी उंची) ही मापे आहेत. पूर्ण उंचीच्या लेआउटसाठी पहिले जास्त भरवशाचे, कारण दुसरे बार आत-बाहेर होताना हलते. आयफोनवर सफारी आडव्या स्क्रीनमध्ये अक्षरे आपोआप फुगवते, त्यासाठी टेक्स्ट-साइझ-अ‍ॅडजस्टची किंमत १०० टक्के ठेवा. आणि फिरवल्यावर पान झूम होते म्हणून व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पान स्क्रीनवर कसे बसवायचे हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत) झूमच बंद करण्याचा जुना उपाय जिथे दिसेल तिथून काढा. एका अडचणीपायी दुसरी, तिच्याहून मोठी, उभी केली जाते. आयओएस १० पासून सफारी त्या मनाईकडे दुर्लक्ष करते, अँड्रॉइडवरचे क्रोम मात्र ती इमानाने पाळते.

स्क्रीनमधल्या कॅमेऱ्याच्या खाचेचे विसरू नका. उभ्या फोनवर ती वर असते, आडव्यावर डावीकडे किंवा उजवीकडे, फोन कोणत्या बाजूला वळवला त्यानुसार. व्ह्यूपोर्ट-फिटची किंमत ‘कव्हर’ असलेल्या, म्हणजे पान कडेपर्यंत पसरवणाऱ्या, साइटवर मेनूचे बटण बरोबर तिच्याखाली जाते. सेफ-एरिया-इनसेटच्या (कडेने सोडायच्या जागेच्या) चारही किमती पॅडिंगमध्ये वापरा, नुसत्या वरच्या आणि खालच्या नव्हे.

आता कीबोर्ड, कारण सर्वात विचित्र बिघाड इथेच होतात. सीएसएसची ओरिएंटेशन क्वेरी फोनचा सेन्सर पाहत नाही. ती विंडोची उंची आणि रुंदी यांची तुलना करते: उंची रुंदीइतकी किंवा जास्त असेल तर उभी, नाहीतर आडवी. ३६० बाय ६४० च्या उभ्या विंडोत ३०० पिक्सेलचा कीबोर्ड उघडला आणि त्याने विंडो आखडली, तर उंची उरली ३४०. पान समजते, फोन आडवा झाला. ज्या साइटवर ‘फोन उभा धरा’ची पाटी आहे तिथे फोन उभाच असताना, नाव टाइप करायला गेल्यावर ती पाटी येते! नोव्हेंबर २०२२मधल्या क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड लेआउटची उंची घटवत नाही, पण व्ह्यूपोर्ट टॅगमधून ते वर्तन बदलता येते, आणि ॲपच्या वेब-व्ह्यूत (ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत) विंडो आखडण्याचा जुना प्रकार आजही भेटतो. फ्लटरचा ओरिएंटेशन-बिल्डरही असाच फसतो, कारण तो त्याला मिळालेल्या जागेवरून दिशा ठरवतो. कीबोर्ड उघडला, जागा आखडली, दिशा ‘बदलली’, फील्ड नव्याने बांधले गेले, फोकस गेला, कीबोर्ड बंद झाला, दिशा परत ‘बदलली’. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की फील्डवर टिचकी मारली की कीबोर्ड लुकलुकून नाहीसा होतो.

या सगळ्यावरचा उपाय एकच: दिशा विचारू नका, जागा विचारा. ‘रुंदी ६०० च्या वर आहे का’, ‘उंची ४८० च्या खाली आहे का’ या प्रश्नांवर लेआउट ठरवा. टॅबलेट आडवा असून स्क्रीन दोन ॲपमध्ये वाटलेली असेल तर तुमच्या वाट्याला उभी विंडो येते. फोल्डेबल उघडला तर जवळजवळ चौकोन. काही टॅबलेटची नैसर्गिक दिशाच आडवी असते, त्यामुळे सेन्सरचा शून्य अंशांचा कोन म्हणजे उभा, हे गृहीतकही कोसळते. जागा विचारणाऱ्या लेआउटला यातले काहीच बाधत नाही.

अँड्रॉइडच्या आडव्या फोनवर आणखी एक गोष्ट घडते: कीबोर्ड पूर्ण स्क्रीन व्यापतो आणि वर फक्त एक मोठा मजकूर-चौकोन उरतो. लेबल, सूचना, ‘पिन चुकीचा आहे’ हा निरोप, सगळे त्याच्यामागे. आयएमईच्या (कीबोर्डच्या) पर्यायांत ‘नो-एक्स्ट्रॅक्ट-यूआय’ हा फ्लॅग देऊन हे थांबवता येते, पण मग ती फील्ड कीबोर्डच्या वर सरकेल अशी स्क्रोलची सोय हवी. नाहीतर एक झाकणूक जाऊन दुसरी येते.

फिरवल्यावर माहिती जाणे हा सर्वात महाग बिघाड. अँड्रॉइड फोन फिरताच मूळ वर्तनानुसार ॲक्टिव्हिटी मोडून नव्याने बांधते. व्हेरिएबलमध्ये ठेवलेले सगळे जाते. आयडी दिलेल्या टेक्स्ट फील्डमधला मजकूर सिस्टीम जपते, आयडी नसलेल्यातला जपत नाही. म्हणून अर्धा फॉर्म राहतो आणि अर्धा पुसला जातो. स्क्रीनची स्थिती व्ह्यू-मॉडेलमध्ये (पुनर्बांधणीतही टिकणाऱ्या जागेत) ठेवा, कंपोझ या स्क्रीन बांधण्याच्या साधनात रिमेंबर-सेव्हेबल वापरा. मॅनिफेस्टच्या कॉन्फिग-चेंजेसमध्ये ‘ओरिएंटेशन’ लिहून पुनर्बांधणी टाळण्याचा शॉर्टकट मोहक आहे, पण मग आडव्यासाठी वेगळे लेआउट असेल तर ते आपोआप उचलले जात नाही, आणि सिस्टीमने मागे असलेले ॲप मेमरीसाठी बंद केले तर माहिती तरीही जाते.

त्याहून घातक म्हणजे ॲक्टिव्हिटी तयार होतानाच पाठवलेली विनंती. ओटीपीची स्क्रीन उघडताच सर्व्हरकडे ओटीपी मागणारा कोड तिथे असेल तर फोन फिरताच दुसरा ओटीपी येतो आणि पहिला बाद होतो. वापरणारा पहिलाच टाकत बसतो. पैसे पाठवण्याच्या स्क्रीनवर हे झाले तर विनंती दोनदा जाते. खरे सांगायचे तर ‘आमचे ॲप उभेच ठेवा’ या आग्रहामागे पुष्कळदा हाच बिघाड झाकायचा असतो. लॉकने तो झाकला जातो, बरा होत नाही: डार्क थीम किंवा फोनची भाषा बदलल्यावरही ॲक्टिव्हिटी नव्याने बांधली जाते, आणि तिथे लॉक कामाचे नाही.

वेबवर याचा भाऊ म्हणजे ‘आडवे असेल तर हा कंपोनंट (पानाचा तुकडा), उभे असेल तर तो’ अशी रचना. फिरवताच जुना कंपोनंट काढला जातो, त्याची स्थिती जाते, स्क्रीन रीडरचा फोकस पानाच्या माथ्यावर उडतो. फॉर्मच्या चौदाव्या प्रश्नावर असलेला अंध माणूस फोन किंचित कलंडल्यामुळे पहिल्या ओळीवर जातो, आणि का गेला हे त्याला कोणी सांगत नाही. कंपोनंट एकच ठेवा, मांडणी सीएसएसने बदला. दोन रकाने करताना कोडमधला क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम एकच राहील हेही बघा.

सहीच्या चौकोनासाठी एक वेगळा परिच्छेद द्यावाच लागतो. सही ज्यावर काढली जाते त्या कॅनव्हासची रुंदी किंवा उंची बदलली की त्यावरचे चित्र पूर्ण पुसले जाते. तो कॅनव्हासचा स्वभाव आहे. सही केली, फोन खाली ठेवताना तो फिरला, सही गेली. रेघा बिंदूंच्या यादीत साठवा, आकार बदलल्यावर नव्या प्रमाणात पुन्हा काढा. शक्य असेल तिथे टाइप केलेल्या नावाचा पर्यायही द्या, कारण तोंडातल्या काडीने सही करायला लावणे हा वेगळाच छळ आहे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र आडवे पडते म्हणून लॉक लावला असेल, तर फिरवण्याचा कोन कॅमेऱ्याला कळवा. कॅमेराएक्स या अँड्रॉइडच्या लायब्ररीत त्यासाठी टार्गेट-रोटेशन आहे.

काही ॲप फिरवण्यालाच बटण समजतात: फोन आडवा करा, तर मोठा आलेख दिसेल. आडवा करता न येणाऱ्याला तो आलेख कधीच दिसणार नाही, आणि आडवा बसवलेल्याला आलेखातून बाहेर पडता येणार नाही. त्यासाठी स्क्रीनवर एक साधे बटण पुरते. निकषासोबतच्या जी२१४ या तंत्रात हेच सांगितले आहे: दिशेमुळे अडलेला मजकूर दाखवायला स्क्रीनवरच एक नियंत्रण द्या.

तपासणीबद्दल. स्वयंचलित साधनांवर भिस्त ठेवू नका. अ‍ॅक्स या तपासणीच्या साधनात सीएसएसने पान फिरवण्याचा प्रकार पकडणारा नियम आहे, पण तो प्रायोगिक आहे, आणि मॅनिफेस्टमधले लॉक, हरवलेली माहिती किंवा झाकलेले बटण त्याला दिसत नाही. हातात खरा फोन आणि खरा टॅबलेट हवा. ऑटो-रोटेट सुरू करा. प्रत्येक स्क्रीन आधी आडव्या फोनवर थेट उघडा, मग उभी उघडून मधेच फिरवा. या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि वेगवेगळे दोष पकडतात. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना फिरवा. अर्धा फॉर्म भरून फिरवा, कीबोर्ड उघडा असताना फिरवा, डायलॉग उघडा असताना, फाइल अपलोड होत असताना, ओटीपीची वाट पाहताना फिरवा. मग अक्षरे कमाल मोठी करून हेच सगळे पुन्हा: अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत जातात, आयफोनवर मूळ मजकूर १७ पॉइंटवरून ५३ पर्यंत. मोठी अक्षरे आणि आडवा फोन एकत्र आले की बाकी राहिलेले सगळे दोष रांगेने बाहेर येतात. नंतर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (अँड्रॉइड आणि आयफोनचे स्क्रीन रीडर) चालू करून फिरवा आणि फोकस कुठे गेला ते ऐका. शेवटी ऑटो-रोटेट बंद करून ॲप त्या सेटिंगचा मान राखते का ते पाहा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ हे चालू केले की माहिती जपण्याचे दोष लवकर सापडतात.

सगळे एका रिलीजमध्ये होणार नाही, हे आम्हालाही समजते. सुरुवात लॉगिन, ओटीपी, पेमेंट आणि मदत या स्क्रीनपासून करा, कारण तिथे अडलेल्याला पुढचे ॲप कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. अँड्रॉइडवर ॲक्टिव्हिटीगणिक आणि आयओएसवर कंट्रोलरगणिक लॉक काढता येते, त्यामुळे टप्पे पाडणे अवघड नाही. एखादी स्क्रीन खरोखर लॉक ठेवावी लागली तर त्या ओळीच्या शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहा, आणि ‘डिझाइन नाही’ हे कारण कोड रिव्ह्यूत मान्य करू नका. डिझायनरांनी प्रत्येक स्क्रीनचा ८०० बाय ३६० चा एक आराखडा पहिल्यापासून काढावा; नंतर काढायला लागला तर तो कधीच निघत नाही. आणि ॲपच्या ॲक्सेसिबिलिटी निवेदनात अजून कोणत्या स्क्रीन एकाच दिशेत चालतात ते नावानिशी लिहा, म्हणजे क्लॅम्पवर टॅबलेट बसवणाऱ्याला तो कोणत्या कोनात बसवायचा हे आधी कळेल.

कळावे,

ॲक्सेसिबिलिटी तपासणीचे काम करणारे काही जण